घोडा पळतोय की उभा आहे?

प्रश्न : ताई, गेल्या आषाढात तुकोबारायांच्या पालखीचं बेलवाडीचं रिंगण टिपलं. २०० मिमीची लेन्स, शटर १/२०००, एफ/८. एकही फोटो हललेला नाही, तरी घोडा जागच्या जागी पाय उचलून उभा असल्यासारखा दिसतो. मागचे मोबाइल धरलेले हात, पाण्याचा टँकर, सगळं लख्ख. कुठे चुकतंय?
– एक वाचक, बारामती

उत्तर : कॅमेऱ्याकडे सगळंच मागितलंत, त्याने सगळंच दिलं. हिशेब करून बघा. घोड्याचा वेग तासाला ४० किलोमीटर धरला, तर १/२००० सेकंदात तो जेमतेम साडेपाच मिलीमीटर पुढे सरकतो. मग फोटोत वेग येणार कुठून? तेच १/६० ला तो अठरा-एकोणीस सेंटीमीटर जातो. म्हणून रिंगणाला मी १/६० वरून सुरुवात करते आणि हात बसला की १/३० वर उतरते.

आता कॅमेरा घोड्याबरोबर फिरवायचा, यालाच पॅनिंग म्हणतात. घोडा जिथे टिपायचा त्या दिशेला पावलं रोवा, तो येतो तिकडे कमरेतून वळा आणि त्याच्या डोळ्यावर फोकस धरून त्याच्याबरोबर परत या. बटण दाबल्यावर थांबू नका. बहुतेकांचा फोटो तिथेच बिघडतो, क्लिक झालं की हात गोठतो. पाय फरफटलेले येतील, येऊ द्या. डोळा आणि कान धरले गेले की पुरे. दौडीत घोड्याची मान खालीवर होते, त्यामुळे बरेच फोटो वाया जाणार हे गृहीत धरा आणि बर्स्ट लावा, म्हणजे बटण दाबून धरलं की सलग फोटो निघत राहतील.

उभं कुठे राहायचं, यावर निम्मा फोटो ठरतो. गोल रिंगणात पालखी मधोमध असते. आतल्या बाजूला उभं राहू दिलं, तर घोडा तुमच्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर राहतो आणि फोकसची धावपळ वाचते. बाहेरच्या कडेला तो अंगावर येतो आणि निघून जातो, अगदी समोरून जाईल तेवढीच संधी. वारकऱ्यांना आडवं जाऊन मात्र जागा मिळवू नका. टापांखालची माती कपाळाला लावायला आलेल्या माणसापेक्षा आपला फोटो मोठा नाही.

तो टँकर घालवायला ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड घेणारं भोक, उघडावं लागेल असं तुम्हाला वाटत असणार (एफचा आकडा लहान, तितकं भोक मोठं). २०० मिमीला एफ/२.८ वर, दहा मीटरवरच्या घोड्याला फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यात स्पष्टतेची पट्टी मिळते साधारण ४० सेंटीमीटर. नाकावर फोकस गेला की घोड्याचा मागचा पुठ्ठा धूसर झालाच. शिवाय त्या ॲपर्चरला दिवसाउजेडी १/६० घेतलं तर फोटो पांढराफटक. पॅनिंगमध्ये पार्श्वभूमी कॅमेऱ्याच्या हालचालीनेच आडवी पुसली जाते, त्यामुळे एफ/११ असूनही टँकरचा नुसता पट्टा उरतो. आषाढातल्या ढगाळ उजेडात आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १०० ला एफ/८ ते एफ/११ बसतं. ऊन पडलं तर एफ/२२ कडे पळू नका, एवढ्या बारीक भोकातून चित्र मऊ पडतं. तीन स्टॉपचा एनडी फिल्टर लावा, म्हणजे उजेड आठपट कमी करणारी गडद काच.

याच्या उलटही करून बघा. कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर १/१५, फोकस पलीकडच्या कडेला हात जोडून उभ्या असलेल्या आजींवर. घोडा समोरून तपकिरी फराटा होऊन जाईल, आजी स्पष्ट राहतील. माझं खासगी मत विचाराल तर मला हाच फोटो जास्त आवडतो, संपादकांना मात्र घोडा हवा असतो.

प्रश्न : मोबाइलचं ॲपर्चर एफ/१.८ लिहिलंय, तरी मागचं धूसर का होत नाही? पोर्ट्रेट मोडमध्ये तुळशीची पानं कापली जातात.
– एक वाचक, फलटण

उत्तर : एफचा आकडा खरा, पण मुख्य लेन्सची प्रत्यक्ष फोकल लांबी पाच-सात मिमीच. एवढ्या आखूड लेन्सला थोडं दूर फोकस केलं की दीड-दोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्टच येतं. पोर्ट्रेट मोड धूसरपणा नंतर अंदाजाने रंगवतो आणि तुळशीची पानं, वीणेच्या तारा, सुटे केस इथे अंदाज फसतो. तो मोड बंद करा. तुळस घेतलेल्या बाईंना विचारून हातभर अंतरावर जा आणि मागची गर्दी लांब राहील असा कोन शोधा. पानांवर बोट ठेवून फोकस करा. मागे थोडी धूसरता येईल, पण ती खरी असेल.