उत्तर: ऑफिस तक्रारीवर बायकांची नावं मागतंय, द्यायची का?

तुमची पोस्ट वाचली आणि हातातला चहा गार झाला. "गावची आरोग्य समिती नव्याने उभी करतोय, बायका आत्ता कुठे बोलायला लागल्यात, पण ऑफिस म्हणतं तक्रार नाव-सहीनिशीच द्या." नका देऊ. बाकी माझं काही नाही ऐकलंत तरी चालेल, एवढं ऐका.

२००७ ला एनआरएचएममधून (राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान) नऊ राज्यांत लोकाधारित देखरेख, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेवर गावकऱ्यांनीच लक्ष ठेवायचं, पायलट म्हणून सुरू झाली, आपल्या महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद. त्यातल्याच एका जिल्ह्यात मी नंतर काही वर्षं तालुक्याचं काम बघायचे. समिती, ग्रामसभेचा ठराव वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते लिहीत बसत नाही. गावाचं रिपोर्ट कार्ड हिरवं-पिवळं-लाल रंगवायचो, अक्षरओळख नसलेल्या आजीलाही कळायचं की औषधांचा चौकोन लाल आहे. इथपर्यंत सगळं छान.

मग जनसुनवाईच्या (अधिकाऱ्यांसमोर लोक उघड तक्रारी मांडतात ती सभा) तोंडावर एका ऑफिसातून (कुठलं ते नाही सांगत) निरोप आला, मोघम चालणार नाही, नाव, गाव, अंगठा पाहिजे. आणि मी शहाणी! मला वाटलं पुरावा पक्का असला की साहेबांना पळायला जागा राहणार नाही. घरोघर फिरून बाळंतपणाला पैसे घेतल्याचे सात फॉर्म भरले. जननी शिशु सुरक्षा ही सरकारी योजना २०११ पासून आहे, बाळंतपण, औषधं, गाडीने नेणं-आणणं सगळं फुकट, तरी कुणाचे दोनशे गेलेले कुणाचे पाचशे. मूळ कागद तसेच देऊन आले, झेरॉक्ससुद्धा ठेवली नाही, हा वेगळा गाढवपणा.

चार दिवसांनी त्यातल्या एकीच्या दारात जीप. उतरले कोण, तर ज्यांच्याविरुद्ध तक्रार तेच, आणि हातात तिचाच फॉर्म. "कुणी घेतले गं पैसे, सांग आमच्या तोंडावर." ती दीड महिन्याची बाळंतीण, पदर ओढून उंबऱ्यात उभी, सासू आतून म्हणतेय काही नाही घेतले साहेब, पोरीला कळत नाही. कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन गेले. सुनवाईला सातातली एकही आली नाही. त्या बाळाचं पुढचं लसीकरण चुकलं, कारण सुई टोचणार तीच नर्सबाई, जिच्याविरुद्ध तक्रार होती. सासूने पुढे दोन वर्षं मला पाणी विचारलं नाही, आणि बरोबरच होतं तिचं.

वर मागून कळलं की त्यातले बरेच पैसे गाडीच्या डिझेललाच जायचे, डिझेलची बिलं वर महिनोन्महिने अडकलेली. म्हणजे जाब विचारायचा होता वरच्यांना आणि आम्ही भांडत बसलो ड्रायव्हर आणि नर्सबाईशी, तीही बिचारी दोन उपकेंद्रं एकटी ओढत होती. पैसे घेणं चूकच, त्यात वाद नाही, पण नावांच्या नादात "का घेतात" हे विचारायचंच राहून गेलं. आणि ज्या ऑफिसने कागद पुढे पुरवले त्यांना कुणी साधी नोटीससुद्धा दिली नाही, असो, ब्लडप्रेशर वाढतं.

नंतर आम्ही फक्त आकडे द्यायला लागलो. पण लहान गावात आकडासुद्धा चुगली करतो, महिन्याला दोनच बाळंतपणं असतील तर नाव कशाला लागतंय? म्हणून पीएचसीखालची (प्राथमिक आरोग्य केंद्र) पाच-सहा गावं एकत्र करा आणि तीन महिन्यांची गोळाबेरीज द्या. तरी पुरावा मागितलाच तर म्हणायचं, बाहेरची बाई चौकशीला पाठवा, जिची तयारी असेल ती तिच्याशी एकटी बोलेल.

हे माझ्या तालुक्यापुरतं हं, चांगले टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) पण पाहिलेत मी. मृत्यूचं प्रकरण असेल तर नाव लागणारच, तिथे वकिलाला विचारा, मला कायद्यातलं कळत नाही.

अजून एक, मिटिंग पीएचसीत घेऊ नका, देवळात नाहीतर अंगणवाडीत घ्या, आणि भातलावणीच्या दिवसांत रात्री जेवणं झाल्यावर. समितीच्या वर्षाच्या निधीचा हिशोब शाळेच्या भिंतीवर लिहा, नाहीतर पहिली तक्रार तुमच्याच नावाने येईल.

आणि फॉर्म आधीच देऊन बसला असाल तर आज संध्याकाळीच त्या बायकांकडे जा, सासूसमोर सगळं खरं सांगा. जीप यायच्या आधी.