आलेख खाली आला, मग मुलं कुठे गेली?

‘ताईंना विचारा’: एकात्मिक बालविकास योजनेतून निवृत्त झालेल्या मुख्यसेविकेचं सदर

ताई, नमस्कार. मी मोखाडा तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीचा उपसरपंच आहे. आमच्याकडे तीन वर्षांपासून कुपोषणावर सगळे मिळून काम करतायत. पंचायतीला पेसा कायद्याखाली आदिवासी गाव म्हणून मिळणारा पाच टक्के निधी, अंगणवाडी, उपकेंद्र, एक संस्था आणि एका कारखान्याचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी. मागच्या ग्रामसभेत संस्थेने पडद्यावर आलेख दाखवला: पाच महिन्यांत सॅम-मॅमची, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषित, मुलं निम्म्याहून कमी झाली. टाळ्या पडल्या. पण पाड्यावरच्या बाया म्हणाल्या, आमच्या घरात काय बदललं ते दाखवा. आता पुढच्या निधीसाठी कंपनीला पंचायतीचा अभिप्राय हवा आहे. आमच्यात कोणी तज्ज्ञ नाही. खरं-खोटं कसं ओळखायचं?

भाऊ, बाया ग्रामसभेत बोलल्या आणि तुम्ही ते ऐकून घेतलंत, म्हणजे अर्धं काम झालंय. तज्ज्ञ नंतर बघू.

पहिलं, आलेखाची दोन टोकं कोणत्या महिन्यांची आहेत ते विचारा. तुमच्या भागात आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत आई उजाडायच्या आत शेतावर जाते, तान्हं मोठ्या बहिणीच्या कडेवर, पाणी गढूळ, जुलाब चालू, आणि घरातली नागली संपत आलेली. ऑगस्टमध्ये वजनं घसरतातच. भात-नागली घरात आली की ती आपसूक सावरतात. पहिलं टोक ऑगस्टचं आणि शेवटचं जानेवारी-फेब्रुवारीचं असेल, तर कोणी काहीही केलं नसतं तरी रेष खालीच आली असती. ऑगस्टची तुलना ऑगस्टशी करा. तीन वर्षं काम चाललंय, म्हणजे तीन ऑगस्ट तुमच्या हातात असायला हवेत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दिवाळी झाली की तुमचा निम्मा पाडा भिवंडी, वसई, कल्याणकडे जगायला जातो. कोण जातं? ज्यांच्याकडे डोंगरउताराचा वरकस तुकडासुद्धा नाही ते. म्हणजे सगळ्यांत हडकुळी मुलं आईबापाबरोबर वीटभट्टीवर, आणि गावात राहतात ती थोडीफार बरी. समजा ऑक्टोबरात पाड्यावर ६० मुलं होती, त्यात सॅम-मॅम १२. पुढे २५ मुलं भट्टीवर गेली आणि त्या १२ पैकी ८ त्यांच्यातच होती. फेब्रुवारीत उरलेल्या ३५ मुलांत सापडली ४. आलेख १२ वरून ४ वर. एकाही मुलाच्या अंगावर गुंजभर मांस चढलेलं नाही.

म्हणून संस्थेकडे आकडे मागू नका, नावं मागा. जुलैत पाड्यावर असलेल्या सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचं नाव, आणि पुढे त्याचं काय झालं: गावात आहे, बाहेर गेलंय, की वारलं. हो, वारलेलं मूलही कुपोषितांच्या यादीतून कमी होतं, आणि आलेखात ते सुधारणेसारखंच दिसतं. हे पडताळायला कोणाच्या दारात जायला नको. जन्म-मृत्यूची नोंदवही ग्रामसेवकाकडे, तुमच्याच कपाटात आहे. ती आणि अंगणवाडीचं रजिस्टर शेजारी ठेवून एक संध्याकाळ बसा. सासरी किंवा माहेरी झालेल्या बाळंतपणांची नोंद राहून गेलेली असते, त्यासाठी आशाताईला सोबत घ्या.

मोजमापाचंही सांगते, कारण इथे बरंच निसटतं. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून मोजायची, त्यावरच्याची उंची उभं करून. लहान मुलाला उभं करून मोजलं तर साधारण पाऊण सेंटीमीटर कमी भरते. उंची कमी भरली की त्याच वजनाचं मूल चांगलं दिसायला लागतं. शेजारच्या बीटमधल्या (एका मुख्यसेविकेकडच्या अंगणवाड्यांच्या गटातल्या) सेविकेला बोलवा आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या दहा मुलांचा दंडघेर तिच्या हाताने पुन्हा मोजून घ्या. ११.५ सेंटीमीटरच्या खाली असेल तर ते मूल सॅम, मग रजिस्टर काहीही म्हणो. ती पट्टी आशाताईच्या पिशवीत असतेच.

अजून एक. ज्या दिवशी सगळ्यांत खाली गेलेली मुलं निवडली, त्या दिवशी त्यातली काही तापातून किंवा जुलाबातून उठलेली असतात. ती महिन्याभरात थोडी वर येणारच. प्रकल्पाला किती श्रेय द्यायचं हे कळायला, जिथे हा प्रकल्प नाही असा आसपासचा एक पाडा, तसाच डोंगरावरचा, तसाच भट्टीवर जाणारा, त्याचे त्याच महिन्यांचे आकडे बघा. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे अर्ज केलात तर मिळतील.

आता बायांच्या प्रश्नाकडे येते, कारण माझ्या मते तोच खरा प्रश्न आहे. घरात काय बदललं हे बघायला शिमग्याच्या आठवड्यात जा. होळीला भट्टीवरचे लोक गावी येतात. एरवी पाहणीवाले येतात तेव्हा दाराला कुलूप, आणि मग अहवालात तेवढीच घरं येतात जी कायम गावात असतात. शिमग्याला पाचच गोष्टी विचारा. भट्टीच्या शेठकडून यंदा बयाणा किती उचलला, मागच्या वर्षीपेक्षा जास्त की कमी? अंत्योदयाचं ३५ किलो धान्य भट्टीवर असतानाच्या महिन्यांत कोणी उचललं? रोजगार हमीची मजुरी १५ दिवसांत आली, की तिची वाट बघून माणूस भट्टीवर गेला? बाळंतीण कितव्या दिवशी कामाला लागली? आणि थोरली पोरगी शाळेत आहे की धाकट्याला सांभाळायला सोबत गेली? बयाणा दिवाळीच्या आधी घेतला की पुढचे सात-आठ महिने त्या घरातल्या मुलाने काय खायचं हे शेठच्या आठवड्याच्या खर्चीवर ठरतं. अंगणवाडीत अंडं दिलं, चांगलंच केलं. पण रोजगार हमीचं काम नोव्हेंबरात वेळेवर निघालं असतं तर काही कुटुंबं गेलीच नसती, आणि ते काम काढणं पंचायतीच्या हातात आहे. या भागीदारीत तुमच्या पंचायतीने काय केलं, हेही अभिप्रायात यायला हवं. नुसता संस्थेचा हिशेब मागून चालणार नाही.

‘सगळे मिळून’ म्हणजे खरंच किती मिळून, हे ओळखायची माझी एक रीत आहे. कार्यक्रमांचे फोटो बाजूला ठेवा आणि काही अडलं तेव्हाचा महिना शोधा. अमृत आहार योजनेचे पैसे उशिरा आले, त्या महिन्यात अंडी आणि गरोदर बायांचं जेवण चालू राहिलं का? कोणाच्या खिशातून? बहुतेक वेळा उत्तर येतं, सेविकेने दुकानात उधारी केली. चार भागीदार असूनही ओझं महिना काही हजारांच्या मानधनावर जगणाऱ्या बाईवर पडत असेल, तर ते कंपनीला स्पष्ट लिहा.

जव्हारमधल्या वावर-वांगणीत १९९२-९३ मध्ये कुपोषणाने मुलं गेली, तेव्हापासून या डोंगरात योजना येतायत-जातायत. मी वाचलेले अहवाल बहुतेक गोडच होते. तुमचा तसा नको. ‘हे झालं, हे झालं नाही, आणि याबद्दल पुढच्या ऑगस्टपर्यंत सांगता येणार नाही’ असं लिहून ग्रामसभेत वाचून दाखवा आणि मग पाठवा.

मी पुण्यात एका कंपनीच्या सीएसआर विभागात काम करते. आम्ही संस्था आणि जिल्हा परिषद यांच्याबरोबर तीन वर्षांचा करार करतो. वरिष्ठांना एकच आकडा हवा असतो, ‘बालगरिबी इतकी कमी झाली’ असा. कोणता आकडा मागावा?

एकच आकडा मागितलात की तोच आकडा सुधारून मिळेल.

आपल्याच राज्याचं उदाहरण घ्या. २००५ साली औरंगाबादेत राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं. सरकारी खाती, डॉक्टर, अंगणवाडी आणि बाहेरची मदत यांना एकत्र बांधणारं काम होतं, मी ते जवळून पाहिलं. दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुजेपण, म्हणजे वयाच्या मानाने कमी उंची, २००५-०६ ला ३९ टक्के होतं, २०१२ च्या राज्य पाहणीत ते २३-२४ टक्क्यांवर आलं. मग २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत ३४ टक्के आले आणि लोक म्हणायला लागले, सगळं फुकट गेलं. पण तो आकडा पाच वर्षांखालच्या मुलांचा होता. त्याची तुलना करायची तर २००५-०६ च्या ४६ टक्क्यांशी. म्हणजे सुधारणा खरीच होती, २०१२ च्या टाळ्यांपेक्षा लहान आणि २०१६ च्या रडगाण्यापेक्षा मोठी. त्यानंतर मात्र गाडी अडली: २०१९-२१ ला ३५ टक्के. आणि लुकडेपणाचं, म्हणजे उंचीच्या मानाने कमी वजनाचं, प्रमाण या शेवटच्या दोन्ही पाहण्यांत २५.६ टक्के, हललंच नाही. खुजेपण वर्षांची उपासमार सांगतं, लुकडेपण गेल्या काही आठवड्यांची. दोन्ही आकडे एकाच राज्याचे, पण सांगतात वेगवेगळं. तुमचे वरिष्ठ यातला कोणता ‘एक’ घेतील?

तीन वर्षांबद्दल म्हणाल तर इंग्लंडमधल्या ‘शुअर स्टार्ट’चा अनुभव त्यांना वाचायला द्या. १९९९ पासून गरीब वस्त्यांमध्ये आरोग्य खातं, पालिका, संस्था आणि पालक मिळून केंद्रं चालवत होते. २००५ च्या पहिल्या मोठ्या मूल्यमापनात फारसा फरक दिसला नाही. उलट सगळ्यांत अडचणीतल्या घरांची, अगदी कोवळ्या वयाच्या आया, एकट्या आया, बेकार घरं यांची, स्थिती काही बाबतींत किंचित वाईटच दिसली. त्यांच्यापेक्षा थोड्या बऱ्या घरांनी सेवा आधी उचलल्या असाव्यात, असा अंदाज निघाला. त्या काळातली मुलं मोठी झाल्यावर पुढच्या अभ्यासांत दिसलं की केंद्राजवळ वाढलेल्यांना दवाखान्यात कमी वेळा भरती करावं लागलं आणि सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत त्यांचे निकाल चांगले लागले. तोवर निम्म्याहून जास्त पैसा आटला होता आणि शेकडो केंद्रं बंद पडली होती.

तेव्हा करार सहा वर्षांचा करा. जमत नसेल तर तीन वर्षांत ‘गरिबी कमी झाली’ असं म्हणू नका. त्याऐवजी दरवर्षी हे विचारा: सगळ्यांत गरीब वीस घरांपर्यंत कोण पोहोचलं, आणि जी आई एकदाही आली नाही ती का आली नाही? त्यासाठी एका बाईचा पगार आणि एसटीचं भाडं लागेल. तुमच्या उद्‌घाटनाच्या मांडवापेक्षा स्वस्त.

मॅडम, मी सेविका आहे, नाव छापू नका. खरी वजनं ॲपवर टाकली की मीटिंगमध्ये माझंच नाव वाचतात. शेजारच्या अंगणवाडीत सॅम शून्य, तिचा सत्कार झाला. मी काय करू?

खरं तेच टाकत राहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यभरातली जवळजवळ अकरा टक्के मुलं अति लुकडी निघाली. आदिवासी पाड्यावर महिनोन्‌महिने शून्य सॅम दिसत असेल तर सत्काराआधी वजनकाटा तपासायला हवा, हे तुझ्या साहेबांनाही कळतं. मी माझ्या बीटमध्ये शून्यवाल्या अंगणवाडीला आधी भेट द्यायचे.

तुझ्या बचावासाठी एवढं कर. आरोग्य-पोषण दिवशी आशा आणि एएनएम (उपकेंद्राची परिचारिका) समोर असतानाच मोज, आणि साध्या वहीत तारीख, वजन, उंची, दंडघेर लिहून तिघींच्या सह्या घे. जी मुलं भट्टीवर गेली त्यांच्या नावापुढे जागा आणि फोन नंबर लिही, नाव खोडू नकोस. बैठकीत नाव वाचलं तर वही पुढे कर आणि विचार, या मुलांना ग्राम बालविकास केंद्रात कधी घ्यायचं? प्रश्न तुझ्याकडून त्यांच्याकडे जाईल. पहिल्यांदा राग येईल त्यांना, येऊ दे.

आणि सॅम मूल खायला तोंड वळवत असेल, किंवा कोणत्याही मुलाच्या दोन्ही पायांवर दाबून खड्डा पडत असेल, तर मीटिंगची, ॲपची, कोणाच्याच परवानगीची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करून त्याच दिवशी त्याला रुग्णालयात पोहोचव. नोंद रात्री भरली तरी चालते.