५६००जी घेताय ना, मग जीटी ७३० आधी लिस्टमधून काढा

नवीन गेमिंग पीसीसाठीची तुमची लिस्ट नीट वाचली. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, १६ जीबीची एकच रॅम स्टिक, थोडी मदत होईल म्हणून जीटी ७३० ग्राफिक्स कार्ड, कॅबिनेटसोबत मिळणारा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), आणि खेळायचंय व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट, जीटीए ५, पुढेमागे जमलं तर एखादा मोठा गेम. प्रोसेसर चांगला निवडलाय, बाकीची लिस्ट जरा हलवूया, खर्च फारसा न वाढवता.

सगळ्यात आधी ते ७३०. ५६००जीच्या आतच व्हेगा ग्राफिक्स आहे आणि ते जीटी ७३० पेक्षा बरंच फास्ट आहे. ७३० हे २०१४ चं कार्ड, मॉनिटरची केबल त्यात लावली की गेम त्याच्यावर चालणार आणि आतलं चांगलं ग्राफिक्स नुसतं बसून राहणार, म्हणजे पैसे देऊन मशीन स्लो करून घेतल्यासारखं होईल. बजेट पीसीत पैसे वाया जातात ते असे अधेमधे घेतलेल्या वस्तूंवरच. एकतर आत्ता कार्डच घेऊ नका, नाहीतर घ्यायचं तर कामाचं घ्या, तात्पुरतं म्हणून छोटं कार्ड अजिबात नको.

आता रॅम, आणि इथे जरा थांबून वाचा कारण तुमच्या मशीनमध्ये सगळ्यात जास्त फरक इथेच पडणार आहे. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते तुमच्या रॅममधूनच काम भागवतं, त्यामुळे रॅम किती जीबी आहे याच्याइतकंच ती किती वेगाने डेटा देते हेही महत्त्वाचं. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी देऊ शकते, दोन स्टिक ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे दोन्हींतून एकदम डेटा येईल अशा, लावल्या की तेच ५१.२ होतं. टाकीत पाणी तेवढंच असलं तरी पाइप दुप्पट जाड झाल्यासारखं. म्हणून १६ ची एक न घेता ८-८ च्या दोन घ्या, एकाच किटमधल्या, आणि बोर्डला चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डवर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्यात लावायच्या, तरी मॅन्युअल बघाच. नंतर अजून एक स्टिक घेऊ असं बरेच जण म्हणतात पण तोपर्यंत गेम अडखळतच खेळावे लागतात. आणि एकूण ८ जीबीत भागवायचा विचार असेल तर तो सोडा, त्यातले एकदोन जीबी ग्राफिक्स घेणार, उरलेल्यात विंडोज, ब्राउझर आणि गेम मावत नाही.

रॅम लावली म्हणजे झालं असंही नाही, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं बोर्डचं सेटिंग) जाऊन एक्सएमपी चालू करा, म्हणजे रॅम तिच्यावर लिहिलेल्या स्पीडला चालेल. नाहीतर ३२०० ची रॅम बऱ्याचदा २१३३ किंवा २४०० लाच चालत राहते आणि वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षातही येत नाही. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं की स्पीड दिसतो, पहिल्याच दिवशी बघून घ्या.

एवढं केलंत की व्हॅलोरंट आणि माइनक्राफ्ट १०८०पी ला मस्त चालतील, जीटीए ५ सेटिंग खाली घेऊन खेळता येईल. नवीन मोठे गेम मात्र ७२०पी लो वर, तेही काहीच.

कार्ड पुढे घ्यायचं असेल तर दोन गोष्टी आत्ताच माहीत असू द्या. ५६००जी पीसीआयई (कार्ड आणि प्रोसेसरमधला डेटाचा रस्ता) ३.० वरच चालतो, बोर्ड ४.० चालणारा बी५५० असला तरी. म्हणून आरएक्स ६५०० एक्सटी सारखं कार्ड तुमच्यासाठी नाही, त्याला या रस्त्याच्या फक्त चार लेन आहेत आणि वर मेमरी ४ जीबी, ३.० वर ते चांगलंच मार खातं. आरएक्स ६६०० ला आठ लेन आणि ८ जीबी, ते चालेल. दुसरं म्हणजे ५६००जी मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी आहे, साध्या ५६०० मध्ये ३२, त्यामुळे तेच कार्ड लावून ५६०० थोडे जास्त फ्रेम देतो. कार्ड आत्ताच घेणार असाल तर ५६००जी नको, सरळ ५६०० किंवा आय३ १२१००एफ बघा, फक्त या दोघांत आतलं ग्राफिक्स नाही, कार्ड बिघडलं की स्क्रीनवर काहीच येणार नाही. वर्षभराने घेणार असाल तर ५६००जी च योग्य.

एसएमपीएसवर काटकसर करू नका ही माझी कळकळीची विनंती आहे. कॅबिनेटसोबतच्या डब्यावर ४५० वॅट लिहिलेलं असतं, पण बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टपुढे किती अँपिअर आहेत ते वाचा. २० असतील तर १२ गुणिले २०, म्हणजे २४० वॅटच, आणि प्रोसेसर, कार्ड दोघंही मुख्यतः याच लाइनवर चालतात. त्यात बऱ्याचदा ग्राफिक्स कार्डची ८ पिनची केबलही नसते. चांगल्या कंपनीचा, लांब वॉरंटीचा ५०० ते ५५० वॅटचा घ्या. ८० प्लस ब्राँझ असेल तर छानच, पण तो शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, आतलं प्रोटेक्शन कसं आहे ते सांगत नाही. ७३० चे वाचलेले पैसे इथे घाला.

बोर्ड ए५२० पुरतो, फक्त या प्रोसेसरला चालणारं बायोस त्यावर आहे का ते घेतानाच विचारा, जुनं असेल तर डिस्प्लेच येत नाही. कूलर बॉक्समध्ये येतो, वेगळा नको. एसएसडी एनव्हीएमई (साध्या साटा एसएसडीपेक्षा वेगवान प्रकार), जमलं तर १ टीबी, कारण जीटीए ५ एकटाच शंभरेक जीबी खातो. फार महागड्या स्पीडची गरज नाही, गेम लोड व्हायला फारसा फरक पडत नाही.

मॉनिटर कुठला आहे ते लिहिलं नाहीत. रिझोल्यूशन आणि मागे कुठले पोर्ट आहेत ते सांगा, जुना फक्त व्हीजीएचा असेल तर बोर्ड निवडताना तेही बघावं लागेल.