चष्मा लागला म्हणून समुद्र सुटत नाही

सातारा जिल्ह्यातून बारावी सायन्सची एक विद्यार्थिनी लिहिते: ‘एनडीएतून नौदलात जायचं होतं, पण चष्म्याचा नंबर आडवा आला. गणित खूप आवडतं, स्टॅटिस्टिक्स घ्यावंसं वाटतं. बाबा म्हणतात, त्यात शिकवण्यापलीकडे काय आहे? समुद्राशी नातं ठेवता येईल का?’

येईल. बाबांच्या शंकेचं उत्तर मला दुसऱ्या महायुद्धातल्या अटलांटिक महासागरात सापडतं. ब्रिटनला धान्य, तेल, पोलाद समुद्रमार्गे येई आणि जर्मन पाणबुड्या ती व्यापारी जहाजं बुडवत. ब्रिटिश जहाजांवर आपले कोकणातले आणि गोव्याचे खलाशीही होते, त्यांतले कितीतरी परतलेच नाहीत. जहाजं ताफ्याने जात, सोबत युद्धनौका असत, पाण्याखालची पाणबुडी आवाजाच्या लहरींनी हुडकणारं ‘सोनार’ यंत्र होतं, विमानं होती. तरीही 1942 मध्ये नुकसान आवरेना.

पॅट्रिक ब्लॅकेट या भौतिकशास्त्रज्ञाच्या सोबतीने काही तरुण संशोधक आधी ब्रिटिश हवाई दलाच्या समुद्रावर गस्त घालणाऱ्या कोस्टल कमांडमध्ये आणि मग नौदलात आकडे तपासायला बसले. विमानातून टाकलेले डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली ठरावीक खोलीवर फुटणारे बॉम्ब, 100 फूट खोलीवर फुटत. या गटातल्या ई. जे. विल्यम्स यांनी हल्ल्यांच्या नोंदी चाळल्या, तेव्हा दिसलं की विमान पोहोचतं त्या क्षणी पाणबुडी बहुधा पृष्ठभागावर किंवा नुकती बुडी मारलेली असते. ती 100 फुटांवर जाईपर्यंत नेमकी कुठे असेल, हे वैमानिकाला कळणंच शक्य नव्हतं. स्फोटाची खोली टप्प्याटप्प्याने 25 फुटांवर आणली आणि त्याच विमानांच्या हल्ल्यांना यश येऊ लागलं.

दुसरं उदाहरण तू वहीवर सोडवू शकतेस. ताफा मोठा तर धोका मोठा, अशी समजूत होती. पण 30 जहाजांऐवजी 60 जहाजं एकत्र नेली तर क्षेत्रफळ दुप्पट होतं, परीघ मात्र सुमारे 1.4 पटच वाढतो, आणि राखायचा असतो तो परीघ. शिवाय जुन्या नोंदींत मोठ्या ताफ्यांची जहाजं प्रमाणाने कमी बुडालेली होती. 1943 मध्ये ताफे मोठे होऊ लागले.

आणि हे तुझ्यासाठी खास. क्षयरोगामुळे नौदलातून निवृत्त व्हावं लागलेले गिल्बर्ट रॉबर्ट्स यांना 1942 मध्ये लिव्हरपूलला पाठवलं गेलं. तिथे महिला नौसेवेतल्या तरुणींसोबत ते जमिनीवर खडूने रेघा मारून लढाया खेळत. पाणबुडी मागून ताफ्यात शिरते आणि आतूनच टॉर्पेडो सोडते, हे त्या खेळातून उमगलं. मग हजारो नौदल अधिकारी तिथे शिकून गेले. मे 1943 मध्ये जर्मनीने 41 पाणबुड्या गमावल्या आणि उत्तर अटलांटिकमधून माघार घेतली. नवं रडार, लांब पल्ल्याची विमानं, फोडलेले गुप्त संदेश यांचा त्यात मोठा वाटा होता, हे विसरू नकोस. पण असलेली साधनं कशी वापरायची, हे ठरवायला गणितच लागलं.

या विद्येला ऑपरेशन्स रिसर्च म्हणतात. ब्लॅकेट यांनी पुढे स्वतंत्र भारतालाही संरक्षण संशोधनाबाबत सल्ला दिला. आज डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेची कोचीची प्रयोगशाळा सोनारवर काम करते, दिल्लीची एक प्रयोगशाळा युद्धाच्या संगणकीय प्रतिकृती तयार करते. आणि बाबांना हेही सांग की विमान कंपन्या, बंदरं, बँका या सगळ्यांना ही विद्या जाणणारी माणसं लागतात.

आता वाट. बी.एस्सी.ला स्टॅटिस्टिक्स किंवा गणित घे, पण भौतिकशास्त्र सोडू नकोस. प्रोग्रॅमिंग पहिल्या वर्षापासून शिक. पुढे एम.एस्सी.साठी आयआयटींची ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा किंवा कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था. आयआयटी मुंबईत ऑपरेशन्स रिसर्च शिकवलं जातं, त्याचा अभ्यासक्रम आत्ताच पाहून ठेव. नौदलाच्या एज्युकेशन शाखेत गणिताचे पदव्युत्तर घेतले जातात आणि तिथले दृष्टीचे निकष वेगळे असतात. त्यांची ताजी जाहिरात काढ आणि नेत्रतज्ज्ञांना दाखवून तुझा नंबर त्यात बसतो का, ते विचारून घे.