गाय अडली की दार वाजतं

पत्र : ताई, मी पशुधन पर्यवेक्षक आहे. वय ४४. मूळचा सातारा जिल्ह्यातला, चार वर्षांपासून यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात. सहा वर्षांपूर्वी घटस्फोट झाला, मूलबाळ नाही. मागच्या वर्षी आई गेली. इथले बाकी कर्मचारी तालुक्याहून अप-डाऊन करतात. संध्याकाळची बस गेली की माझ्या बरोबरीचं कोणी उरत नाही. जुन्या वाड्यातल्या दोन खोल्यांत भाड्यानं राहतो, महिन्याला २,२०० रुपये. पावसाळ्यात कवेलू (कौलं) गळतात, पलंग सरकवत रात्र काढतो. भिंतीला ओल आहे, कुलरला हात लागला की झिणझिण्या येतात, मागच्या दाराची कडी तुटलीय. मालक पुण्याला असतो. सांगितलं की म्हणतो, "पाहू ना." त्याची आई शेजारच्या खोल्यांत एकटी राहते. "काऊन डॉक्टर, जेवले का?" असं विचारते, कधी वाटीभर भाजी देते. दिवसभरात घरातल्यासारखं ऐकू येणारं तेवढं एकच वाक्य. जास्त कटकट केली तर मुलगा खोली खाली करा म्हणेल आणि आजीही तुटतील, म्हणून गप्प बसतो. गाय अडली की रात्री दोनला लोक दार वाजवतात. एरवी कोणी येत नाही. रविवारी कधी कधी तोंडातून शब्दच निघत नाही. बदली मागू, घर बदलू, की चाललंय तसं चालू देऊ?

भाऊ, बाकीचं सगळं नंतर. आधी कुलर.

ओल आणि कडी यांच्या मधोमध तुम्ही ते जाता जाता लिहून टाकलंय. एखाद्या शेतकऱ्यानं "गोठ्यात म्हशीला करंट लागते" म्हटलं असतं तर तुम्ही त्याला तिथेच झापलं असतं. लोखंडी बॉडी, खाली सांडलेलं पाणी आणि नसलेलं अर्थिंग यांनी आपल्या विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं जातात. तेव्हा आज प्लग काढून ठेवा आणि परवानाधारक वायरमन बोलवा. नुसता तीन पिनांचा प्लग पाहून समाधान मानू नका. जुन्या वाड्यांत तिसरी वायर भिंतीत शिरते आणि पुढे कुठेच जात नाही, असं पुष्कळदा निघतं. अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळाभर त्यात पाणी टाकत जा, कारण भेगाळलेल्या कोरड्या मातीत अर्थिंग नीट काम करत नाही. मीटरच्या पुढे ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवून घ्या. करंट गळायला लागला की ते पुरवठा तोडतं. हे सगळं झाल्यावरही कुलरमध्ये पाणी भरायचं ते प्लग काढूनच. मीटरपर्यंतची लाइन महावितरणची, आतली घरमालकाची, म्हणून हे लाइनमनचं काम नाही. मालकानं पैसे दिले तर उत्तम, नाही दिले तरी हे काम अडवून धरू नका.

आता आजी. तुमच्या पत्रात एक गोष्ट आली नाही : त्यांच्या खोल्या गळतात का? वाडा एक, आढं एक, कवेलू त्याच वयाचे. कवेलू सरकवणारी माकडं काही तुमच्या बाजूनं धावत येऊन आजींच्या बाजूवरून अलगद पाय टाकत जात नसतील. चार वर्षं तुम्ही आजी दुखावतील म्हणून गप्प आहात, आणि त्याही बहुधा आपल्या घरात पातेलं ठेवून गप्प आहेत, कारण म्हाताऱ्या आईनं पुण्याच्या लेकाला घराचा खर्च सांगणं सोपं नसतं. एकदा त्यांच्या घरात जाऊन वर बघा. मग दुरुस्तीचं बोलणं तुमच्या एकट्याचं राहणार नाही.

मुलाबद्दलही थोडं बोलते. २,२०० रुपये भाड्याचं घर त्याच्या लेखी कमाई नसून लोढणं असावं. परत येऊन राहायचं नाही, आई आहे तोवर विकता येत नाही. त्याचं "पाहू ना" हा दुष्टपणा नाही, पण त्यानं तुमचा पलंग कोरडा राहत नाही. त्याला तक्रार सांगू नका, हिशेब पाठवा. कवेलू फेरायला, म्हणजे काढून पुन्हा नीट रचायला, मजूर किती, फुटलेले किती बदलायचे, वायरमन किती घेतो, कडीला किती, हे फोटोंसकट एका मेसेजमध्ये लिहा. खाली विचारा की हे मी करून घेतो, भाड्यातून कापू का? त्याचं "हो" लेखी येऊ द्या.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा त्याच्या परिशिष्टांत नमूद केलेल्या भागांनाच लागू होतो, आणि त्यात मुख्यतः शहरं नि नगरपालिकांची गावं येतात. तिथे मालकाला नोटीस देऊन १५ दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाची. ग्रामपंचायतीच्या गावाला बहुतेक वेळा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ बघावा लागतो. त्याच्या कलम १०८ मध्येही अशी वजावट आहे, पण मालकावर जी दुरुस्ती बंधनकारक आहे तेवढ्यापुरती, आणि बंधनकारक काय ते करारावर नि गावच्या रीतीवर ठरतं. लेखी करार नसला तर भाडं महिन्या-महिन्याचं धरलं जातं आणि १५ दिवसांच्या नोटिशीवर दोघांपैकी कोणीही ते मोडू शकतं. थोडक्यात, तुमच्या हातात भांडणापुरता कायदा नाही, बोलण्यापुरता आहे. तो एक चतुर्थांश तुमच्या बाबतीत ६,६०० रुपये होतो. मुलाशी बोलताना हा आकडा माप म्हणून धरा. त्यात त्यालाही अन्याय वाटायचं कारण नाही. आणि जमलं तर या निमित्तानं करार कागदावर आणा.

ओलीबद्दल एकच सांगते. कोणी म्हणेल, सिमेंटचा गिलावा मारा, भिंत पक्की होईल. भिंत मातीची असेल तर करू नका. सिमेंटमागे पाणी अडकतं आणि आतली माती ढासळते. तिथे मातीचा किंवा चुन्याचाच गिलावा हवा. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी मुरत असेल तर पन्हाळ लावा आणि जमिनीला बाहेरच्या बाजूनं उतार द्या. काळ्या मातीवरच्या घरांना भेगा पडतातच, माती पावसात फुगते नि उन्हाळ्यात आकसते. दर वर्षी वाढणाऱ्या भेगेवर मात्र नजर ठेवा. सापा-विंचवाचं मी तुम्हाला काय सांगणार, पण ती कडी आधी लावून घ्या.

आता तुमचा रविवार.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सहापैकी एका माणसाला एकटेपणा छळतो. हा आकडा वाचून तुम्हाला बरं वाटेल असं मी समजत नाही. पण तुमच्यात काही खोट आहे म्हणून असं झालंय, एवढं तरी मनातून काढा. आणि आईबद्दल तुम्ही चारच शब्द लिहिलेत. संध्याकाळी येणारा फोन बहुधा तिचाच असायचा. म्हणजे या वर्षीचा शुकशुकाट गावानं दिलेला नाही, त्याला गावाच्या माथी मारून बदली मागू नका.

मला तुमच्या पत्रात वेगळंच दिसतं. या गावात तुम्ही फक्त देता. कालवड वाचवता, घटसर्पाची लस टोचता, रात्री दोनला उठून जाता. तुम्ही कधी कोणाकडे काही मागितलंय? खेड्यात जो कधी उसनं मागत नाही तो साहेबच राहतो. लोक त्याला मान देतात, चहा देतात, खुर्ची पुसून देतात, आणि त्याच्या दारात मात्र टेकत नाहीत, कारण तिथे आपलं काही काम नाही असं त्यांना वाटतं. वाटीभर साखर मागायला गेलेला माणूस वाटी परत द्यायला पुन्हा जातो, आणि येणंजाणं तिथून सुरू होतं.

म्हणून कवेलू फेरायचं काम मजुरावर टाकून मोकळे होऊ नका. मृग लागायच्या आधी करायचं ते काम, आणि त्याला वर एक, शिडीवर एक, खाली एक अशी माणसं लागतात. ज्यांच्या गाई तुम्ही सोडवल्या त्यांतल्या दोघातिघांना सांगा, "माझं घर गळते, रविवारी या लागते." जो कामात तरबेज असेल त्याला मजुरी द्या, बाकीच्यांना जेवण. स्वयंपाक येत नसेल तर तेही मागा : कोणाच्या घरून भाकरी, कोणाकडून वांग्याची भाजी. लाज वाटेल. वाटू द्या.

उन्हाळा हा तुमच्यासाठी बरा ऋतू आहे, पण तुम्ही तो दार लावून कुलरपुढे मोबाइल पाहण्यात घालवताय. रात्री गाव अंगणात असतं. तुमची बाज बाहेर टाका. सुरुवातीला नुसतं "काय डॉक्टर, गरम होऊन राह्यलं" एवढंच होईल, आणि त्यावर लगेच उठून आत जायचं नाही. गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होत असेल तर तिथे जाऊन मागे बसा. भक्ती किती आहे हे कोणी विचारत नाही, आणि प्रार्थना संपल्यावर लोक लगेच घरी जात नाहीत, ते महत्त्वाचं. पोळ्याला दवाखान्यात थांबू नका. त्या दिवशी बैलाच्या डॉक्टरला प्रत्येक घराचं दार उघडं असतं. महालक्ष्म्यांच्या जेवणाचं बोलावणं आलं तर "पाहतो" म्हणू नका, तो शब्द तुमच्या घरमालकाचा आहे. टपरीमागची रात्रीची बैठक मात्र टाळा. तिथे सोबत फार लवकर मिळते आणि तुमच्यासारख्या माणसाला तिची सवयही लवकर लागते.

आणि कोणीतरी "फॅमिली कुठे आहे?" विचारणारच. चार वर्षं तुम्ही काय उत्तर देताय कोण जाणे. सरळ सांगा, "आमचं जमलं नाही, वेगळे झालो." आठ दिवस चर्चा होईल, मग गाव दुसऱ्या विषयाकडे वळेल. टाळत राहिलात तर चर्चा संपत नाही, आणि बायाबापड्यांच्या घरात एकट्या पुरुषाला बोलवायला लोक आणखी बिचकतात.

झोप उडाली असेल, भूक गेली असेल, कामातही मन लागत नसेल, किंवा जगण्यात राम नाही असं वाटत असेल, तर हे एकटेपणाच्या पुढचं दुखणं आहे. टेली मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर चोवीस तास फोन करता येतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. गावातलं कोणी ओळखेल ही भीतीही नाही.

बदलीचं दिवाळीनंतर बघू. दुसऱ्या गावातही संध्याकाळची बस असेलच. घराचं मात्र एवढं थांबू नका : मुलानं पंधरा दिवसांत नीट उत्तर दिलं नाही तर याच गावात दुसरी खोली शोधा, आणि तीही लोकांना विचारून. आजी लांब जाणार नाहीत. तीन गल्ल्या पलीकडून येऊनही वाटी परत करता येते.

मुलाला मेसेज पाठवण्याआधी तो आजींना वाचून दाखवा. त्यांना तो पुण्याहून कळता कामा नये.