९८ अंशांवर गेलेला गेमिंग लॅपटॉप: आधी वॅट बघ, पंख्याकडे नंतर वळू

तू विचारलंयस ते थोडक्यात असं: दीड वर्षाचा लॅपटॉप, त्यात इंटेल आय-७ १२६५०एच प्रोसेसर (सीपीयू) आणि आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स चिप (जीपीयू). अकोल्यात वरच्या मजल्यावर पत्र्याखालची खोली, त्यात मे महिना. गेम सुरू केला की पाच मिनिटांत सीपीयू ९८ वर, जीपीयू ८४ वर, आणि दहाएक मिनिटांनी ११० एफपीएसचे (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) एकदम ६० होतात. कूलिंग पॅड आणलंस, पण दोन-तीन अंशांचाच फरक पडला. आता थर्मल पेस्ट (चिपची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) बदलावी की लॅपटॉप विकून टाकावा? इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस म्हणतोस, म्हणून अरे-तुरे करतो.

विकू नकोस. आणि पेस्टकडेही लगेच धावू नकोस.

आधी आकडे समजून घे. तुझ्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो, जळत नाही. जीपीयूचे ८४ अंश तर लॅपटॉपसाठी नेहमीचेच. म्हणजे ९८ हा आकडा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. खरी तक्रार आहे ती एफपीएस निम्मे होण्याची, आणि तिचा उगम वॅटमध्ये आहे. या चिपची मूळ वीज ४५ वॅट, पण टर्बोमध्ये, म्हणजे वेग वाढवते तेव्हा, ती ११५ वॅटपर्यंत ओढू शकते. गेममध्ये मुख्य काम जीपीयूचं असतं. सीपीयूला त्यातली अर्धी वीजही पुष्कळदा पुरते, तरी तो मिळेल तितकी वीज खातो. बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये दोघांच्या हीट पाइप (उष्णता पंख्याकडे नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या) सामायिक असतात, त्यामुळे सीपीयूने उगाच केलेली उष्णता जीपीयूच्याही वाट्याला येते. दोघांपैकी एकाला आवरलं की दुसराही थंड होतो. मी आजवर जेवढे लॅपटॉप हाताळले, त्यात सगळ्यात मोठा फरक इथेच पडलाय.

दुसरी गोष्ट तुझी खोली. तेवढेच वॅट आणि तेवढाच पंखा असेल, तर चिप खोलीच्या हवेपेक्षा साधारण ठरावीक अंशांनीच वर राहते. २५ अंशांच्या खोलीत ८५ दाखवणारा लॅपटॉप ४० अंशांच्या खोलीत शंभरीला टेकणारच. कूलिंग पॅड तीच ४० अंशांची हवा आत ढकलतं, मग त्याने काय होणार? विदर्भात मे महिन्याच्या कोरड्या हवेत डेझर्ट कूलर खोलीचं तापमान चांगलं उतरवतो, तो जरूर लाव. मात्र लॅपटॉप त्याच्या थेट झोतात ठेवू नकोस. झोताबरोबर पाण्याचे बारीक थेंब येतात, आणि पाणी जड असेल तर क्षारही. खिडकी थोडी उघडी राहू दे, नाहीतर खोलीत दमटपणा साचतो.

आता काय करायचं ते क्रमाने सांगतो. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान आणि वॅट दाखवणारा प्रोग्राम उतरवून घे, फक्त सेन्सर्सची खिडकी उघड आणि गेम वीस मिनिटं चालू दे. सीपीयू पॅकेज पॉवर (सीपीयू किती वॅट खातो), पी-कोरचा (सीपीयूच्या वेगवान कोरचा) क्लॉक म्हणजे वेग, तापमान आणि थर्मल थ्रॉटलिंगची (उष्णतेमुळे वेग कमी होण्याची) ओळ, एवढंच बघ. एफपीएस पडतात त्या क्षणी थर्मल थ्रॉटलिंगपुढे ‘येस’ दिसलं तर निदान पक्कं. तापमान ठीक असताना वेग पडत असेल तर पॉवर लिमिटची ओळ तपास. तेव्हा दोष उष्णतेत नसून अडॅप्टरमध्ये किंवा निवडलेल्या मोडमध्ये असू शकतो.

मग एफपीएसला लगाम घाल. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये ‘मॅक्स फ्रेम रेट’ आहे, तिथे ९० ठेव. स्क्रीन १४४ हर्ट्झची असली तरी, ११० वरून ६० वर आदळणाऱ्या खेळापेक्षा स्थिर ९० डोळ्यांना कितीतरी बरे वाटतात. गेमचा मेनू आणि लॉबी याच विनाकारण तापवतात. तिथे दाखवायला फारसं काही नसतं, म्हणून जीपीयू शेकडो फ्रेम काढत बसतो. लगाम घातला की तेही थांबतं.

त्यानंतर सीपीयू. लॅपटॉपच्या स्वतःच्या ॲपमध्ये किंवा थ्रॉटलस्टॉप नावाच्या प्रोग्राममध्ये पॉवर लिमिट (वॅटची मर्यादा) बदलता आली, तर दीर्घकाळची ४५ आणि अल्पकाळची ६० वॅट करून बघ. काही लॅपटॉपमध्ये हे कुलूपबंद असतं. तसं असेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० चं ९९ कर. त्याने टर्बो बंद होतो. उपाय ओबडधोबड आहे. सीपीयूवर भार टाकणाऱ्या गेममध्ये काही एफपीएस जातील, पण पुन्हा १०० केलं की सगळं जसंच्या तसं, म्हणून बिनधास्त करून बघ. सीपीयूचं अंडरव्होल्टिंग (तोच वेग कमी व्होल्टवर चालवणं) कर असं कुणीही सांगेल, पण २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली त्रुटी उघड झाली आणि तेव्हापासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती सोय बंदच आहे. त्यात रात्र घालवू नकोस.

जीपीयूचं अंडरव्होल्टिंग मात्र एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रामने होतं, आणि ते शिकण्यासारखं आहे. गेममध्ये जीपीयू जो क्लॉक धरून ठेवतो तो टिपून घे. त्यातल्या कर्व्ह एडिटरमध्ये (व्होल्ट आणि क्लॉकचा आलेख) तोच क्लॉक ०.९ व्होल्टच्या आसपासच्या बिंदूला दे आणि त्यापुढची रेघ सपाट कर. गेम बंद पडला तर क्लॉक थोडा उतरव. घाईने शेवटच्या टोकाला जाऊ नकोस, प्रत्येक पायरीवर अर्धा तास खेळून बघ.

एवढं करूनही थ्रॉटलिंग राहिलं तरच लॅपटॉप उघड, आणि त्याआधी वॉरंटीच्या अटी वाच. धूळ बाहेरून दिसते तिथे नसते. पंखा आणि तांब्याच्या पातळ पट्ट्या यांच्या मधोमध तिचा नमद्यासारखा थर बसतो, आणि तुमच्या कापसाच्या पट्ट्यात त्यात तंतूही अडकतात. आधी बॅटरीची जोडणी काढ. स्क्रू ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने कागदावर मांडून ठेव, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते. थर मऊ ब्रशने सोडव, आणि हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव. मी पहिल्यांदा उघडला तेव्हा मोठ्या ब्लोअरने पंखा मोकळा फिरू दिला. आठवड्याभरात बेअरिंग घरघरायला लागलं आणि पंखाच बदलावा लागला. तो पंखा मिळवायला महिना गेला. म्हणून हे इतकं आग्रहाने सांगतोय.

पेस्ट कधी बदलायची? पी-कोरची तापमानं एकमेकांशी ताडून बघ. सारखाच भार असताना एखादा कोर दुसऱ्यापेक्षा पंधराएक अंश वर राहत असेल, तर पेस्ट सुकली आहे किंवा बाजूला सरकली आहे. लॅपटॉपच्या चिपवर पातळ पेस्ट तापून-निवून कडेला ढकलली जाते, म्हणून पेस्टऐवजी मी हनीवेलचं पीटीएम ७९५० वापरतो. ते पानासारखं मिळतं, ४५ अंशांच्या आसपास मऊ होतं आणि जागा धरून राहतं. मात्र आधी तुझ्या मॉडेलमध्ये कारखान्यातूनच पेस्टऐवजी लिक्विड मेटल (द्रव धातू) घातलेलं नाही ना, ते शोध. असेल तर हात लावू नकोस. त्यातलं गॅलियम वीज वाहून नेतं आणि ॲल्युमिनियम खातं.

कूलिंग पॅडच्या ऐवजी लॅपटॉपच्या मागच्या दोन पायांखाली बाटलीची दोन झाकणं ठेव. लॅपटॉप खालून हवा ओढतो, त्याला दीड-दोन सेंटीमीटर जागा हवी असते. गादीवर किंवा गोधडीवर ठेवून खेळणं बंद.

आणि एक. सतत चार्जरवर खेळतोस, तर लॅपटॉपच्या ॲपमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्के कर. भरलेली बॅटरी आणि उष्णता एकत्र आली की ती लवकर म्हातारी होते. टचपॅड वर उचललेलं दिसलं किंवा झाकण नीट बसेना, तर त्या दिवशीच वापर थांबव, चार्जिंगही करू नकोस, आणि बॅटरी बदलून घे. ती फुगलेली असू शकते.

आज रात्री फक्त एफपीएसचा लगाम आणि प्रोसेसर स्टेट ९९ टक्के, एवढंच कर. आधीचे आणि नंतरचे पॅकेज पॉवरचे आकडे, आणि खोलीचं तापमान इथे टाक. ते बघून उघडायचं की नाही ते ठरवू.