ठरवलेलं टिकत का नाही? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, मी दर जानेवारीत वहीत लिहून ठरवते. या वेळी पाच गोष्टी होत्या, पहाटे पाचला उठणं, तासभर व्यायाम, रोज वीस पानं वाचन, पगारातले पैसे बाजूला टाकणं आणि मोबाईल कमी. दहा-बारा दिवस मस्त गेले, मग एकदा ऑफिसातून यायला उशीर झाला, दुसऱ्या दिवशी उठवलंच नाही आणि तिथून सगळंच सुटलं. आता ती वही उघडायलाही लाज वाटते. माझ्यात जिद्दच नाही का?

उत्तर : अगं, बारा दिवस पहाटे उठलीस ना, मग जिद्द आहे तुझ्यात. चुकलंय ते आखताना. ही यादी तू बहुतेक सुट्टीच्या दिवशी लिहिली असशील, झोप झालेली, डोकं शांत, आणि अशा दिवशी लिहायला बसलं की वर्षातले सगळे दिवस असेच जाणार असं आपण धरून चालतो. पाळायचं मात्र असतं दमलेल्या दिवशी. म्हणून मी काहीही ठरवताना आधी एकच विचारते, की डोकं दुखतंय, उशीर झालाय, घरात कोणीतरी आजारी आहे, अशा दिवशी यातलं किती होईल? जेवढं होईल तेवढंच रोजचं ठरवायचं. दहा मिनिटं चालणं होईल ना, मग दहाच मिनिटं लिही. एखाद्या दिवशी तासभर चाललीस तर छानच, पण वहीत टिक दहा मिनिटांना करायची.

आणि पाच गोष्टी एकदम नकोत गं. यातली पैशांची गोष्ट तर रोज पाळायची नाहीच, पगार जमा झाला की ठरलेली रक्कम दुसऱ्या खात्यात आपोआप जाईल अशी सूचना बँकेत एकदा देऊन टाक, त्यात मन लावायची गरजच उरत नाही. पाचला उठणं सध्या सोड, कारण ते रात्री किती वाजता झोपतेस त्यावर आहे. उरलेल्या तिनातली एकच धर. तीही 'रोज चालायचं' अशी लिहू नकोस, कधी आणि कशानंतर ते लिही. ऑफिसातून आले, बॅग ठेवली, की बूट न काढता तशीच दहा मिनिटं बाहेर. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी यावर बरीच वर्षं काम केलंय, 'अमुक झालं की मी तमुक करणार' असं आधीच ठरवून ठेवलेली माणसं नुसतं 'करणार' म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा ते खरंच करतात. ऐन वेळी विचार करत बसावं लागत नाही ना.

आता चुकलेल्या दिवसाचं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर एक अभ्यास केला होता, तो २०१० साली छापून आला. प्रत्येकाने रोजची एकच साधी गोष्ट निवडायची होती. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ तर कोणाचा हिशोब पार २५४ दिवसांपर्यंत गेला. म्हणजे तुझे बारा दिवस ही नुसती सुरुवात होती. आणि मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की मधे एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. तुझंही त्या एका दिवसाने काही बिघडलं नव्हतं, 'आता संपलंच' असं मनाने घेतलं तिथे बिघडलं. वहीच्या पहिल्या पानावर आत्ताच लिहून ठेव : चुकलं तर दुसऱ्या दिवशी तेवढंच करायचं, दुप्पट नाही.

प्रश्न : तिमाहीच्या सुरुवातीला साहेबांनी टार्गेट दिलं, मी हो म्हणालो. नंतर आणखी दोन कामं आली, त्यांनाही हो म्हणालो. आता अप्रेझल जवळ आलंय आणि तिन्ही अर्धवट आहेत. रोज रात्री उशिरापर्यंत बसतोय.

उत्तर : तुमचा त्रास समजतो, पण जास्त वेळ बसून हे सुटणार नाही. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांनी कामातल्या उद्दिष्टांवर अनेक वर्षं अभ्यास केला, अवघड आणि नेमकं टार्गेट असेल तर काम चांगलं होतं हे त्यांनीच मांडलं, पण त्याला अटी आहेत, ते काम करण्याची क्षमता हवी, टार्गेट मनापासून मान्य हवं, किती झालं हे मधूनमधून कळायला हवं, आणि एकमेकांना छेद देणारी टार्गेटं नकोत. तुमचं इथे शेवटच्या अटीवर अडलंय.

अंदाजाचंही सांगते. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पूर्ण होईल विचारलं, सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस आणि प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. आपलं सगळ्यांचंच असं होतं. तेव्हा 'मला वाटतं इतके दिवस' असं सांगू नका, मागच्या वेळी अशाच कामाला खरोखर किती दिवस गेले ते जुन्या मेलमध्ये बघा आणि तो आकडा धरा. मग तिन्ही कामं, प्रत्येकाला लागणारे दिवस आणि हातात असलेले दिवस एका कागदावर मांडून साहेबांकडे जा आणि विचारा, "सर, यातलं आधी कोणतं देऊ? दुसऱ्याची तारीख पुढे नेली तर चालेल का?" जे ठरेल ते त्याच दिवशी मेलवर टाका. 'जमणार नाही' म्हणायला जीभ अडखळते ना, मग हा प्रश्न विचारणं सोपं जाईल, आणि आधी कोणतं हे ठरवणं त्यांचंच काम आहे. हे अप्रेझलच्या आत, याच आठवड्यात करा.

प्रश्न : आपलं ध्येय सगळ्यांना सांगितलं तर लाजेखातर तरी पूर्ण होतं म्हणतात, खरं का?

उत्तर : मी तरी सगळ्यांना सांगू नका म्हणेन. 'मी असं असं करणार आहे' हे जाहीर केलं, लोकांनी वा म्हटलं, की अर्धं केल्यासारखंच वाटायला लागतं, गोलविट्झर यांच्याच २००९ च्या प्रयोगांत इरादा दुसऱ्याच्या नजरेत आलेल्या विद्यार्थ्यांनी नंतर कमी मेहनत घेतली. पण किती झालं याची नोंद ठेवणं आणि ती कोणाला तरी दाखवणं याचा मात्र उपयोग होतो. तेव्हा एकच विश्वासाचं माणूस निवडा, आणि दर रविवारी त्याला फक्त झालेलं पाठवा, सातपैकी चार दिवस झालं तर चार.